पाच पोरं गेली आणि शाळेचं अनुदान निम्म्यावर आलं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कमी पटाच्या शाळांबद्दल आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात. पट घसरला, पालकांचा ओढा इंग्रजीकडे, शिक्षकांचं समायोजन, असे मथळे असतात. पट का घसरतो याचं खापर त्यात बहुतेक वेळा पालकांच्या हौसेवर नाहीतर मास्तरांच्या आळसावर फुटतं. मी अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझी मुलगी याच शाळेत सहावीत शिकते. पट घसरण्यात पैशाचा वाटा किती मोठा आहे हे मी शाळेच्या कॅशबुकात पाहिलं आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आमची शाळा पहिली ते सातवी. पट १०३ होता, तो ९८ वर आला. चार मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जायला लागली आणि एक मुलगा आईबापाबरोबर सुरतेला गेला. पाच पोरं कमी झाल्यानं शाळेचं काय बिघडणार, असं कोणालाही वाटेल. पण समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं, ते पटाच्या टप्प्यांवर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. आमचा पट १०१ च्या खाली गेला आणि आम्ही ५० हजारांवरून थेट २५ हजारांवर आलो. पाच मुलं गेली आणि शाळेचे निम्मे पैसे गेले.

आता हे २५ हजार कशाला पुरवायचे ते बघा. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावा असा नियमच आहे, तो योग्यही आहे. ते अडीच हजार बाजूला काढले. विजेचं बिल महिन्याला बाराशेच्या आसपास येतं, कारण पंखे, दिवे, ग्रामपंचायतीनं दिलेला टीव्ही आणि पाण्याची मोटर सगळं त्याच मीटरवर आहे. वर्षाचे साडेचौदा हजार तिकडे गेले. उरले आठ हजार. त्यात खडू, हजेरीपट, झेरॉक्स, प्रश्नपत्रिका, नळाची तोटी, तुटलेली कडी, पावसाळ्यात गळणारं पत्र्याचं छत, प्रयोगाचं साहित्य, खेळाचा चेंडू. सगळं मिळून एका मुलामागे वर्षाला २५५ रुपये होतात, त्यात वीजही आली. आणि हे पैसे जूनमध्ये येत नाहीत. आमच्याकडे ते वर्षाच्या शेवटी येतात, कधी दोन तुकड्यांत, आणि मग ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायची घाई सुरू होते. जूनपासून तोपर्यंतचा खर्च मुख्याध्यापक स्वतःच्या पगारातून करतात. बोलून दाखवत नाहीत, पण मला माहीत आहे, कारण बिलांवर सह्या मी करते.

मध्यंतरी बिल थकलं आणि वीज तोडली गेली. लोक म्हणाले, पूर्वी कुठे शाळेत पंखे होते. पंख्यांविना पोरं बसली असती. पण वीज गेली की मोटर बंद, मोटर बंद की टाकीत पाणी नाही, आणि टाकीत पाणी नाही की मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप. पाचवी-सहावी-सातवीच्या मुली दुपारी खिचडी खाऊन घरी यायच्या त्या परत जायच्या नाहीत. ज्या मोठ्या झाल्या आहेत त्या महिन्यातले काही दिवस शाळेत जायच्याच नाहीत. माझी मुलगी त्यातलीच. घरी राहिलेल्या मुलीला आई काय सांगणार? लहान भावाला सांभाळ, भाकरी टाक, नाहीतर चल माझ्याबरोबर कापूस वेचायला. दिवाळीनंतर आमच्याकडे वेचणीचा जोर असतो आणि घरात रिकामा हात कोणालाच परवडत नाही. अशा गैरहजर मुलींच्या आईबापांना मी समिती म्हणून भेटायला गेले तेव्हा एका बाईनं मला सरळ विचारलं, शाळेत संडासला पाणी नाही तर पोरीला कशी पाठवू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी गावातून घरोघर पन्नास-पन्नास रुपये गोळा केले, थोडे शिक्षकांनी घातले आणि बिल भरलं. ज्यांनी पन्नास रुपये दिले त्यातल्या कितीतरी घरांत त्या आठवड्याचा किराणा उधारीवर आला होता.

इथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगते, नाहीतर कोणी म्हणेल बाई अर्धीच बाजू मांडते. शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि तो मोठा खर्च आहे. पुस्तकं मोफत मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण मिळतं. हे मी कमी लेखत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पगार सोडून शाळा चालवायला जो पैसा लागतो, तो गरिबाच्या शाळेत सगळ्यात कमी येतो आणि शाळा जितकी लहान होते तितका वेगानं आटतो. बल्ब, मोटर, छत, कुंपण हे पट पाहून स्वस्त होत नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या पाड्यावरच्या शाळेत वीस-पंचवीस मुलं असली तर त्या शाळेला वर्षाचे १० हजार, म्हणजे महिन्याला साडेआठशेही नाहीत. तिथे तर साहित्य डोंगर चढवून न्यायचं भाडंच त्यात जाईल.

शिक्षकांचंही तेच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीला वर्गागणिक निदान एक शिक्षक असावा आणि त्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना एकेक असावा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं मात्र संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मिळणार हे ठरवायचे निकष बदलले आणि सहावीपासूनच्या गटात २० च्या आत पट असेल तर त्या गटाला शिक्षकपदच मंजूर होणार नाही असं ठरलं. आमच्या सहावी-सातवीत मिळून १८ मुलं आहेत. आता सात वर्गांना तीन शिक्षक आहेत. गणिताचे सर गेले ते गेलेच. चौथीचे गुरुजी सहावीलाही बघतात, म्हणजे चौथीला फळ्यावर लिहायला लावून सहावीच्या दारात उभे राहतात. माझी मुलगी अपूर्णांकांवर अडली आहे. मी स्वतः बारावी झाले आहे म्हणून रात्री मशीन बंद केल्यावर तिला थोडं समजावते. जिची आई निशाणी डावा अंगठा आहे, तिला कोण समजावणार? केंद्राच्या २०२४-२५ च्या शाळा-माहितीनुसार महाराष्ट्रात ८,१५२ शाळा एकशिक्षकी आहेत. त्या एका मास्तराला ताप आला तर त्या दिवशी शाळा बंद.

मग पालक काय करतात? आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचं सांगते. नवरा-बायको दोघं मजुरीला जातात, जमीन नाही. मुलगा आमच्याकडे तिसरीत होता, तो काढला आणि इंग्रजी शाळेत घातला. फी, व्हॅन, वह्या-पुस्तकं, दोन प्रकारचे गणवेश आणि बूट मिळून वर्षाला पंचवीस-तीस हजार जातात. कापूस वेचणीचा दर आमच्याकडे किलोला दहा रुपयांच्या आसपास असतो आणि चांगली बाई दिवसाला पस्तीस-चाळीस किलो वेचते. म्हणजे त्या माउलीच्या अख्ख्या हंगामाची वेचणी एका मुलाच्या शाळेत जाते, तीही कंबर धरली नाही तर. बाकीचं बायांच्या ग्रुपला मिळणाऱ्या कर्जातून. दर आठवड्याला हप्ता असतो, तो चुकला की बाकीच्या बाया दारात येऊन बसतात. मी तिला म्हटलं, अगं एवढं कशाला? ती म्हणाली, "काय करो माय, पोरनं भलं व्हवाले पायजे." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सहावीला गणिताचा मास्तर नाही हे तिलाही दिसतं. पण तिची मुलगी आमच्याच शाळेत राहिली आहे. एकाच घरातला भाऊ व्हॅनमध्ये बसतो आणि बहीण पायी शाळेत येते, कारण दोघांची फी भरायची ताकद नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरिबांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा मोफत असतात, त्यासाठीही त्यांनी अर्ज केला होता, सोडतीत नंबर लागला नाही. ही योजना गरिबांच्या मुलांसाठी चांगली आहे आणि ती राहिलीच पाहिजे. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट द्यायचा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला, हे बरंच झालं. पण एक हिशेब मांडावासा वाटतो. अशा एका मुलामागे सरकार खासगी शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत परतावा देतं. त्यात तिथले पगारही धरलेले असतात, त्यामुळे ही रक्कम आमच्या अनुदानाशी सरळ ताडून पाहता येणार नाही, हे मला कळतं. तरी एवढं तर खरं ना, की एक मूल शिकवायला किती लागतं याचा काहीतरी आकडा सरकारनं स्वतःच मान्य केला आहे? मग आमच्या शाळेच्या बाबतीत असा आकडा कुणी का काढत नाही? एका शाळेला वर्षभर चालायला कमीत कमी किती लागतं हे आधी ठरवावं, पट नंतर बघावा.

गणवेशाचं तर मला हातानं ठाऊक आहे. समग्र शिक्षातून एका गणवेशाला ३०० रुपये, असे दोन. त्यात कापड, बटणं, चेन, शिलाई सगळं. २०२४-२५ ला राज्यानं कापड एकाच ठिकाणाहून घेतलं आणि शिलाई महिला बचत गटांना दिली, एका गणवेशाला शिलाईचे १०० रुपये आणि वर किरकोळ खर्चाला १० रुपये. आमच्या गटानंही ते काम घेतलं. कापलेले तुकडे हातात आले तेव्हा पहिली गोष्ट मी पाहिली ती म्हणजे माया. पॅंटीच्या पायाला, सलवारीच्या पोंच्याला, बगलेला शिवणीत सोडायला कापडच नव्हतं. आमच्या गावातल्या आया मला दरवर्षी एकच सांगतात, खाली चार बोटं दुमड ठेव आणि बगलेत माया सोड, म्हणजे पुढच्या साली उसवून वाढवता येईल. मजुराच्या घरी गणवेश दोन वर्षं चालवावा लागतो, थोरल्याचा धाकट्याला होतो. मुंबईत बसून कापड कापणाऱ्याला हे कोण सांगणार? मापंही चुकली होती, दुसरीच्या पोराला चौथीचा शर्ट आणि सातवीच्या मुलीला हात वर होईना. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण रक्कम तीच राहिली. ३०० रुपयांत बाजारात जे कापड येतं ते तिसऱ्या धुण्याला विरतं. बुटांनाही तसंच, एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे यांना १७० रुपये. अमळनेरच्या सोमवारच्या काय, कुठल्याही बाजारात जाऊन कोणीही विचारून यावं, १७० रुपयांत शाळेचा बूट मिळतो का.

मुलींच्या उपस्थिती भत्त्याचा एक जुना आकडा सांगते. दारिद्र्यरेषेखालच्या आदिवासी, दलित, भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींनी शाळेत यावं म्हणून १९९२ साली ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, ही योजना सुरू झाली. दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तेव्हा एक रुपयाला किंमत होती, आई म्हणायची जा शाळेत. तीस वर्षं उलटली, तो रुपया रुपयाच राहिला. आमदारांचे, अधिकाऱ्यांचे, शिक्षकांचे भत्ते या काळात किती वेळा वाढले? पहिलीतल्या भिल्लाच्या पोरीचा भत्ता तेवढा वाढवायचा राहून गेला. यावर मी आणखी काय लिहू.

जेवणाबद्दल थोडक्यात. तांदूळ वेगळा मिळतो. डाळ, भाजी, तेल, मसाला, जळण यांना पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे मे २०२५ पासून दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरलेले आहेत. खिचडी शिजवणाऱ्या ताईला महिन्याला अडीच हजार. ती विधवा आहे, सकाळी दहापासून चुलीपुढे असते, भांडी घासून घरी जाईतो तीन वाजतात. त्या वेळात ती शेतात गेली असती तर दहा दिवसांत तेवढे मिळवले असते. ती टिकून आहे ती मुलांच्या ओढीनं.

आता जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते लिहिते. पैसे कमी पडतात म्हटलं की वरून एकच उत्तर येतं, लोकसहभाग वाढवा. गावातून वर्गणी काढा, माजी विद्यार्थ्यांना बोलवा, दानशूर शोधा. ऐकायला चांगलं वाटतं. पण जरा खान्देश फिरून पाहावं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी आहे, बागायतदार आहेत, एखाद्यानं मनावर घेतलं तर शाळेला रंग, प्रोजेक्टर, पेव्हर ब्लॉक सगळं एका हंगामात होतं. त्या गावांचं मला कौतुक आहे. आमच्या बोरीकाठी आणि पारोळ्याकडच्या कोरडवाहू गावांत विहिरी फेब्रुवारीत तळ दाखवतात. कापसाला भाव मिळाला नाही की दुकानदाराचीच उधारी फिटत नाही, शाळेला कोण देणार? आणि सातपुड्यातल्या पाड्यावर तर निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला, गुजरातेत निघून जातं. लोकसहभागावर शाळा सोडली की ज्या गावात पैसा आहे तिथली शाळा आणखी चांगली होते आणि जिथे नाही तिथली आणखी मागे पडते. सरकारी पैसा हा तफावत बुजवायला असतो. इथे ती तफावत वाढवायची सोय होते आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक योजना आली. मोठ्या शहरांतली शाळा दत्तक घ्यायची तर पाच वर्षांसाठी २ कोटी, आणि ग्रामीण भागातली घ्यायची तर ५० लाख. दानातसुद्धा आमच्या पोराची किंमत चौथाईवर आली. आणि दाता येणार कुठे? हमरस्त्याला लागून असलेल्या, पाटी दिसेल अशा शाळेत. पावसाळ्यात जिथे मोटरसायकल जात नाही त्या गावाला कोण दत्तक घेणार?

मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना दप्तर, बूट, वह्या, छत्री असं धरून २७ वस्तू मोफत देते. तिचं शिक्षणाचं एका वर्षाचं अंदाजपत्रक साडेतीन हजार कोटींच्या वरचं असतं. तिथली मुलंही गरिबाचीच आहेत, झोपडपट्टीतून येतात, त्यांना मिळतं ते मिळायलाच हवं, एक वस्तूही कमी होऊ नये. महापालिकेला स्वतःचे मालमत्ता कर आहेत, ठेवी आहेत, म्हणून तिला जमतं. आमच्या ग्रामपंचायतीची घरपट्टी ती काय, त्यातून गावचे दिवे आणि पाणीपुरवठ्याचं बिल भागलं तरी पुष्कळ. पण मूल कुठल्या गावात जन्मलं यावर त्याची वही अवलंबून असावी का? घटनेच्या कलम २१-क मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्या मुलांचा हक्क एकच लिहिला आहे.

आणि कर आम्हीही भरतो. साबण, दोरा, सुई, मोबाइलचा रिचार्ज, प्रत्येक ठिकाणी मजुराच्या खिशातून कर जातो. शिवणयंत्राचं तेल घेतलं तरी जातो. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे हेच सांगितलं होतं, की सरकारचा महसूल शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, त्यावर जास्त पैसा घाला, असं त्यांचं मागणं होतं. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सुचवलं, तिथपर्यंत देश अजून पोचलेला नाही. साने गुरुजी आमच्या अमळनेरला शिक्षक होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये साहित्य संमेलनही इथे झालं, मी दोन्ही मुलांना घेऊन गेले होते, पुस्तकं पाहून पोरं हरखली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या शाळेत बाईंनी मुलांना पेढे वाटले, स्वतःच्या पैशांनी. ती भाषा शिकवणाऱ्या शाळेचं विजेचं बिल भरायला मात्र वर्गणी काढावी लागते.

आता समूह शाळांचं. २० च्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा अशा १४,७८३ शाळा राज्यात असल्याचं सांगितलं गेलं. नमुना म्हणून पानशेत आणि आमच्याच खान्देशातल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचं नाव घेतलं गेलं. तोरणमाळला मुलं राहून शिकतात, डोंगरातल्या विखुरलेल्या पाड्यांसाठी ती सोय उपयोगी असेल. तोच नमुना सगळीकडे लावला तर पहिलीतलं सहा वर्षांचं पोर रोज दुसऱ्या गावाला जाणार, तेही आई पहाटेच शेतात गेलेली असताना. पाचवीपासूनच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण आमच्या गावाला शाळेच्या वेळेला एसटीच नाही. पूर आला की बोरीच्या फरशीवरून पाणी वाहतं. मग ज्यांच्याकडे मोटरसायकल आहे त्यांची मुलं जातील, बाकीची घरी बसतील, आणि मुली सगळ्यात आधी बसतील.

आमच्या शाळेला अजून ती वेळ आलेली नाही, पण वाट तीच आहे. पट शंभराच्या खाली गेला म्हणून पैसे निम्मे झाले. पैसे निम्मे झाले म्हणून वीज गेली, पाणी गेलं. सहावीचा शिक्षक गेला म्हणून आणखी पालक जूनमध्ये दाखले काढायच्या गोष्टी करतात. जे राहतील ते सगळ्यात गरीब घरचे असतील, ज्यांना व्हॅन परवडत नाही असे. उद्या कोणी येऊन म्हणेल, या शाळेत मुलंच नाहीत, बंद करा. मुलं का नाहीत याची कारणं तोपर्यंत कॅशबुकाच्या जुन्या पानांत राहतील.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा आम्ही समितीनंच करायचा असतो आणि सरकारनं अनुदान देताना तोच पाया धरायचा असतो. आजवर आमच्याकडे हा आराखडा म्हणजे छापील नमुना भरून सही करण्याचा कागद होता. या वर्षी आम्ही तो नव्यानं लिहिला. मंदिराच्या ओट्यावर बसून लिहिला, तेरा आया आणि चार वडील होते. आयांनी जे सांगितलं तेच उतरवलं. त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत. विजेचं बिल पटाशी न जोडता जिल्हा परिषदेनं परस्पर भरावं. पट कितीही असो, प्रत्येक शाळेला एक ठरलेली मूळ रक्कम मिळावी आणि मुलांप्रमाणे मिळेल ते त्याच्या वर असावं, म्हणजे दोन-चार मुलं इकडची तिकडं झाली तर एकदम निम्मे कापले जाणार नाहीत. अनुदान जूनच्या पहिल्या पंधरवड्यात खात्यात यावं. आणि सहावी-सातवीला गणित-विज्ञानाचा एक शिक्षक, मग तो शेजारच्या दोन गावांत वाटून का असेना, आठवड्यातले ठरलेले दिवस आमच्याकडे यावा.

हा आराखडा आम्ही वरच्या कार्यालयात दिला आहे आणि तारखेची पोच घेतली आहे. आधी पोच द्यायला तयार नव्हते, बाया दारात बसून राहिल्या तेव्हा शिक्का मिळाला. इतर गावांतल्या समित्यांना, विशेषतः त्यांच्यातल्या बायांना माझी विनंती आहे की कोरा नमुना सही करून देऊ नका. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या शाळेला आलेला आणि खर्च झालेला रुपया न रुपया मुख्याध्यापकांकडून लिहून मागा, ते देतात. मग गावोगावचे आकडे एकत्र करता येतील. आपल्या दैनिकानं या कामी जागा दिली, तालुक्यातल्या शाळांचं अनुदान कोणत्या महिन्यात किती आलं एवढं जरी छापलं, तरी मोठी मदत होईल.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही लिहून दिला आहे. आमच्या भागाच्या आमदारांना आणि शिक्षणाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाही बोलावणं धाडलं आहे. सभा सकाळी आठला शाळेच्या पटांगणात आहे. उन्हाच्या आत आटोपू, कारण त्यानंतर बायांना कामावर जायचं असतं.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष
(नाव व गाव छापू नये, ही विनंती. शाळेतल्या शिक्षकांना त्रास व्हायला नको.)
ता. अमळनेर, जि. जळगाव